गाळ टाकीत ओतण्याआधी

मालवणच्या प्रवाळांवर गाळाचा काय परिणाम होतो, याचा टाकीत प्रयोग करायचा म्हणतेस, तर आधी परवानगीचं बघ. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. सहज बुडी मारून तुकडा तोडून आणला, असं चालत नाही.

आता गाळ. दुकानातली स्वच्छ चिकणमाती वापरून मोकळी होऊ नकोस. खाडीतला गाळ आण, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली जाईल तेवढाच घे, आणि तो भट्टीत भाजू नकोस. भाजलास की त्यातला सेंद्रिय अंश जळतो, आणि खरी गोम तिथेच आहे. ग्रेट बॅरिअर रीफच्या प्रवाळांवरच्या प्रयोगांत २०१२ साली हे नीट उलगडलं: असा गाळ अंगावर साचला की जिवाणू त्यातला ऑक्सिजन संपवतात, आम्लता वाढते, पुढे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. नुसतं वजन किंवा अंधार एवढ्या लवकर मारत नाही.

म्हणून सावलीतल्या, पण गाळ नसलेल्या टाक्याही ठेव. 'टाक्या' म्हणतोय, टाकी नव्हे. एकाच टाकीत दहा तुकडे ठेवले म्हणजे दहा नमुने होत नाहीत, कारण सगळ्यांना पाणी तेच. पहिल्या वर्षी मी इथेच माती खाल्ली, अक्षरशः.

पाण्यात गाळ किती, हे मोजायला गढूळपणाच्या मीटरवर विसंबू नकोस. तेच पाणी गाळून, गाळणकागद वाळवून वजन कर. आणि प्रवाळातल्या शैवालाची चकाकी (त्याचं प्रकाशसंश्लेषण ठीक चाललंय का ते तिच्यावरून कळतं) मोजण्याआधी तुकडे वीसेक मिनिटं अंधारात ठेवायला विसरू नकोस.