पी ०१३१, पाचशे रुपयांचा डोंगल आणि उणे चाळीस अंश

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) सिंगल सिलेंडर मोटरसायकल, पाण्याच्या प्रेशरने धुतली, दोन दिवसांनी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून कागदावर पी ०१३१ हा बिघाडाचा कोड लिहून दिला आणि ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदला म्हणून सांगितलं. आता स्वतः स्कॅनर घेऊन घरी बघता येईल का, आणि कोणता घ्यावा?

घ्या की. फक्त सेन्सरची ऑर्डर तोवर थांबवा.

पी ०१३१ म्हणजे ‘सेन्सर गेला’ असं नव्हे. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीवरून जेवढं व्होल्टेज यायला हवं त्यापेक्षा कमी येतंय, एवढीच ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, तक्रार आहे. सेन्सर मेला असेल, कपलरमध्ये (सेन्सरची वायर जोडणारा प्लग) पाणी शिरलं असेल किंवा बेंड पाइपच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणारी नळी) पॅकिंगमधून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी ईसीयूला तिन्ही सारखंच दिसतं. धुतल्यावर दोन दिवसांत दिवा लागलाय, तेव्हा माझा पहिला संशय कपलरवर.

आता सामान. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचं झालं. तेव्हापासूनच्या बऱ्याच गाड्यांत सहा पिनांचं छोटं सॉकेट असतं, बहुधा लाल, रबरी टोपी घातलेलं. सीटखाली किंवा साइड कव्हरच्या आत शोधा. बाजारातले ईएलएम३२७ डोंगल (ईसीयूची माहिती फोनवर पाठवणारी डबी) कारसाठीचे, म्हणजे सोळा पिनांचे, त्यामुळे मध्ये अडॅप्टर केबल लागते. केबल आली की डोंगल लावण्याआधी मल्टिमीटरने बघा: सोळा पिनांच्या टोकाला १६ नंबरवर बॅटरीचे १२ व्होल्ट आणि ४ व ५ वर अर्थ मिळायला हवा. सारख्या दिसणाऱ्या केबलींची आतली जोडणी वेगळी निघते, आणि उलटसुलट करंट डोंगलमध्ये गेला तर तो तिथेच संपला.

स्वस्त डोंगल जवळजवळ सगळे नकलीच असतात. चालतात, पण काहींत ईसीयूशी बोलण्याच्या भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, अर्ध्याच असतात. के-लाइन या जुन्या प्रोटोकॉलवाल्या गाडीला ते ओळखतच नाहीत. तुमची गाडी कॅन या नव्या प्रोटोकॉलवर बोलत असेल तर सहसा अडचण येत नाही. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, जोडला जाणार नाही. ब्लूटूथ लो एनर्जीचा किंवा वायफायचा घ्या. फोनवर ‘कार स्कॅनर’ नावाचं ॲप पुरेसं आहे. डोंगल फोनला जोडताना पिन (पासवर्ड) विचारला तर १२३४ किंवा ००००.

इग्निशन ऑन, गाडी न्यूट्रलमध्ये आणि किल स्विच रनवर. हे शेवटचं मुद्दाम सांगतो. मी पहिल्यांदा डोंगल आणला तेव्हा अख्खी संध्याकाळ ‘ईसीयू सापडत नाही’ बघत बसलो, विक्रेत्याला दोन तिखट मेसेजही टाकले. किल स्विच ऑफ होता.

जोडलं गेलं की कोड लिहून घ्या, फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची नोंद) दिसत असेल तर तिचा स्क्रीनशॉट काढा. ‘क्लिअर’ला आत्ताच हात लावू नका, नाहीतर कोड कुठल्या तापमानाला, किती आरपीएमला आला ती माहितीही पुसली जाते.

खरं काम लाइव्ह डेटात, म्हणजे सेन्सरच्या चालू आकड्यांत, आहे. दहा मिनिटं गाडी फिरवून इंजिन गरम करा, मग ऑक्सिजन सेन्सरच्या व्होल्टेजचा आलेख उघडा. साधा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खालीवर नाचतो. आकडा शून्याजवळ चिकटून बसला असेल तर झटकन रेस द्या. क्षणभर पेट्रोल जास्त जातं आणि आकडा ०.७-०.८ कडे उडायला हवा. उडाला तर सेन्सर जिवंत आहे. मग पॅकिंग, इंजेक्टर, पेट्रोलचं प्रेशर इकडे बघा. ढिम्म राहिला तर इग्निशन बंद करून कपलर उघडा. पिनांवर हिरवट थर किंवा ओल दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत परत बसवा. आता कोड क्लिअर करा आणि दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. कपलर कोरडा, वायर धड आणि तरीही आकडा मेलेला, तर सेन्सर खुशाल बदला.

माझ्याकडे पी ०११३ आला होता, आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा. ऐन मे महिन्यात, दुपारी दोनला, अंगणात घाम पुसत लाइव्ह डेटा उघडला तर हवेचं तापमान उणे ४० अंश! तो सेन्सर म्हणजे थंडीत रोध वाढणारा थर्मिस्टर. वायर तुटली की रोध अनंत, आणि ईसीयूला वाटतं बाहेर सैबेरिया आहे. कपलर ओढून बघितला तर एक पिन मागे सरकलेली. आदल्या रविवारी एअर फिल्टर साफ करताना मीच तो घाईत कोंबला होता. पिन पुढे ढकलली, आकडा ४१ वर आला. खर्च शून्य. सेन्सर मागवला असता तर नवाही उणे चाळीसच दाखवत बसला असता.

कार स्कॅनर ॲपला एबीएसचे (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) कोड बहुतेक वेळा दिसत नाहीत. चावी प्रोग्रॅम करणं, काही गाड्यांत सर्व्हिस रिमाइंडर घालवणं, एबीएस पंपात हवा शिरल्यावर तो चालवून ब्लीड करणं, म्हणजे हवा काढणं, ही कामं कंपनीच्या किंवा त्या गाडीसाठी खास बनवलेल्या टूलचीच. ट्रायम्फ, केटीएमसारख्या गाड्यांना ट्यूनईसीयू हे ॲप चालतं, पण त्यात मॅप, म्हणजे ईसीयूतली इंजिनाची सेटिंग्ज, बदलून लिहिण्याचीही सोय आहे आणि तिथे मी सुद्धा हात लावत नाही. लिहिता लिहिता बॅटरी बसली तर ईसीयू विटेसारखा निकामी होऊन बसतो.

बॅटरीवरून आठवलं. काम झालं की डोंगल काढा. ४० मिलिॲम्पियर खाणारा डोंगल दिवसाला जवळपास एक ॲम्पियर-तास संपवतो. कारला आठवडाभर जाणवणार नाही, तुमच्या गाडीची बॅटरी मात्र ८-९ ॲम्पियर-तासांची असेल. मग पुढच्या रविवारी सेल्फ मारायला जाल आणि नुसतं टकटक.

मल्टिमीटर घरात नसेल तर डोंगलच्या आधी तो घ्या, तीन-चारशेचा चालेल. आणि कपलर उघडलात की साफ करण्याआधी पिनांचा फोटो काढा आणि गरम इंजिनावरचा तो आलेख, दोन्ही इथे टाका. बघून सांगतो.