सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात वडिलांना रोज वेगवेगळे शिकाऊ डॉक्टरच तपासतात. खरे डॉक्टर कधी येतात?

'शिकाऊ' शब्द वाचून आधी थोडा राग आला, मग हसू आलं. मीही तीन वर्षं असाच शिकाऊ होतो, अशाच एका रुग्णालयात, मेडिसिनला एमडी (एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी) करताना. चुरगळलेला ॲप्रन, पायात सँडल, डोळे तांबारलेले. ते ध्यान बघून तुमच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

आधी कोण कोण ते सांगतो. सकाळी घोळक्याने येऊन 'काका, काय त्रास होतोय' असं पहिल्यापासून विचारणारे एमबीबीएसचे विद्यार्थी. ते औषध लिहीत नाहीत, त्यांना तो अधिकारच नसतो. हातात रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या घेऊन लॅबकडे पळणारा बहुधा इंटर्न. साडेचार वर्षं शिकून परीक्षा पास झालेला, सक्तीचं एक वर्ष काढणारा. त्याची नोंदणी तात्पुरती असते, म्हणून काम वरच्यांच्या देखरेखीखाली.

आणि रात्री दोनला सिस्टरने फोन केल्यावर जो येतो तो जेआर वन, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट. हा मात्र पूर्ण डॉक्टर आहे. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, नीट पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा दिली, मेडिकल कौन्सिलकडे कायमची नोंदणी आहे. त्याने तुमच्या गल्लीत दवाखाना टाकला असता तर तुम्ही त्यालाच 'आमचे डॉक्टर' म्हणाला असतात. त्याच्यावर जेआर टू, जेआर थ्री, मग एमडी झालेला सीनियर रेसिडेंट, मग लेक्चरर (कागदावर आता असिस्टंट प्रोफेसर, वॉर्डात तोंडी अजून लेक्चररच) आणि सगळ्यांच्या वर युनिटचा, म्हणजे या सगळ्या डॉक्टरांच्या गटाचा, हेड. तुम्ही ज्यांना 'खरे डॉक्टर' म्हणताय ते हे शेवटचे दोघं-तिघं. कार्डिओलॉजी, नेफ्रोलॉजीसारख्या विभागातून कुणी मत द्यायला येत असेल तर तो बऱ्याचदा एमडीनंतर डीएम (त्याच्याही पुढची, एकाच विषयातली पदवी) किंवा फेलोशिप करणारा असतो. शिकतोय तोही, पण एमडी होऊन.

सर, म्हणजे युनिट हेड, राऊंडला येतात तेव्हा पलंगापाशी दोन मिनिटं थांबतात आणि पुढे जातात. नातेवाइकांना वाटतं, बघितलंच नाही. पण त्याआधी जेआर वनने सगळी केस मांडलेली असते, जेआर टूने ती तपासलेली असते. रुग्ण खाजगीत असतो तसा एका डॉक्टरचा नसतो, युनिटचा असतो.

माझा पहिला महिना. विदर्भातल्या एका खेड्यातून आलेला पेशंट, आठ दिवस ताप, प्लेटलेट कमी. मलेरिया नाही, डेंगी नाही. मी केस पेपरवर 'व्हायरल' लिहून मोकळा झालो. मध्यरात्री माझी जेआर टू मॅडम आली आणि एवढंच विचारलं, ''शर्ट काढायला लावलास?'' नव्हता लावला. काखेत विडीचा चटका बसावा तसा काळा डाग होता. स्क्रब टायफस. बारीक कीटकाच्या चाव्यातून होतो, डॉक्सिसायक्लिनला छान उतरतो आणि वेळेत ओळखला नाही तर जिवावर बेततो. सरांपर्यंत गोष्ट सकाळी गेली, तोवर औषधाचे डोस सुरू झाले होते. आजही माझ्याकडे तापाचा पेशंट आला की मी शर्ट काढायला लावतो. लोक वैतागतात.

म्हणजे चुका होतात, आणि त्या धरायला वरची पायरी असते. खाजगी दवाखान्यात माझी चूक मध्यरात्री येऊन कोण धरणार?

एका गोष्टीची मात्र मी बाजू घेणार नाही, ती म्हणजे दमणूक. सलग बारा तास आणि आठवड्याला 48 तास यापेक्षा जास्त ड्यूटी साधारणपणे नको, असं केंद्र सरकारने 1992 मध्येच लिहून ठेवलंय. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या 2023 च्या नियमांत कामाचे तास 'वाजवी' असावेत आणि आठवड्याला एक सुट्टी असावी असं आहे; वाजवी म्हणजे किती, ते लिहायचं राहिलं. आमची इमर्जन्सी ड्यूटी सकाळी सुरू व्हायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपायची. तेव्हा तो पोरगा तुमच्यावर खेकसला तर बरोबर नाही, पण त्याने जेवण केलंय का, हे एकदा विचारून बघा.

चेहरे बदलतात त्याचंही कारण आहे. इंटर्न काही आठवड्यांनी दुसऱ्या विभागात जातात. रेसिडेंटला मधले तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात.

आता कामाचं. राऊंड चालू असताना सरांना अडवू नका. राऊंड संपल्यावर जेआर टूला गाठा, पुढे काय ठरलंय ते त्याला नेमकं माहीत असतं. घरातल्या एकानेच बोला, नाहीतर सकाळी भाऊ, दुपारी मेहुणा, संध्याकाळी काका तेच विचारतात. विद्यार्थ्यांच्या तपासणीचा वडिलांना त्रास होत असेल तर स्पष्ट नाही म्हणा, उपचारांत फरक पडत नाही. काहींना मात्र ते आवडतं. आमच्याकडे प्लीहा (पोटातला डावीकडचा एक अवयव) वाढलेले एक आजोबा होते. पोटाला हात लावण्याआधी ''तळवे चोळून गरम करा'' असं ते प्रत्येक विद्यार्थ्याला बजावायचे, आणि चुकीच्या बाजूने सुरुवात केली की हात धरून पोटाच्या उजव्या, खालच्या बाजूला नेऊन ठेवायचे.

सुट्टी मिळाली की डिस्चार्ज कार्डावर युनिट आणि ओपीडीचा वार लिहून घ्या. फेरतपासणीला त्याच वारी जा. दुसऱ्या वारी गेलात तर दुसरं युनिट बसलेलं असेल, आणि 'काका, काय त्रास होतोय' पासून सगळं पुन्हा.