पॉलिसी डिबेटला पहिल्यांदा जज म्हणून बसताना

मुलीच्या शाळेने पॉलिसी डिबेटला, म्हणजे धोरणविषयक ठरावावरच्या दोन संघांच्या वादविवादाला, जज म्हणून बोलावलंय ना, मग कोरे कागद भरपूर घ्या आणि दोन रंगांची पेनं: एक अफर्मेटिव्हसाठी (ठरावाच्या बाजूचा संघ), एक निगेटिव्हसाठी (विरोधातला संघ). प्रत्येक भाषणाला एक उभा रकाना, आणि उत्तर मूळ मुद्द्याच्या अगदी शेजारी. यालाच फ्लो म्हणतात. निकाल त्यातूनच काढायचा.

अमेरिकन हायस्कूलमध्ये आधी ८ मिनिटांची चार मांडणीची भाषणं, प्रत्येकानंतर ३ मिनिटं उलटतपासणी, मग ५ मिनिटांची चार खंडनाची. सगळ्यात बारीक लक्ष अफर्मेटिव्हच्या पहिल्या खंडनावर ठेवा. निगेटिव्हची लागोपाठ दोन भाषणं, म्हणजे १३ मिनिटं झालेली असतात, आणि या पोराला ५ मिनिटांत सगळ्याला उत्तर द्यायचं असतं. इथे एखादा डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे अफर्मेटिव्हच्या योजनेने काय तोटा होईल हा निगेटिव्हचा मुद्दा, निरुत्तर राहिला, तर तो मान्य केल्यासारखाच. शेवटच्या भाषणात त्याला एकदम नवं उत्तर आलं, तर कितीही पटलं तरी धरू नका.

विषयातलं तुम्हाला स्वतःला बरंच ठाऊक असेल. ते बाजूला ठेवा. मुलांनी न केलेला युक्तिवाद जजने मनातल्या मनात पुरा करणं हा समोरच्या संघावर सरळ अन्याय आहे.

मुलांच्या बोलण्याचा वेग झेपत नसेल तर फेरीआधीच सांगा. मध्येच ‘क्लिअर’ (म्हणजे ‘स्पष्ट बोला’) म्हणायलाही संकोच नको. स्पीकर पॉइंट ३० पैकी द्यायचे, पण ते वक्तृत्वाचे, निकाल वेगळा. बॅलटवर, म्हणजे निकालाच्या कागदावर, ‘छान बोललात’ एवढंच लिहू नका. कोणता मुद्दा कुठल्या भाषणात सुटला, ते लिहा.