भाऊ रोज पितो, त्याच्या पोरांना वसतिगृहात ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय की वहिनी धुणीभांडी करते, पोरं आठ आणि अकरा वर्षांची आहेत आणि 'निदान लेकरं तरी सुटतील' असं घरचे म्हणतात.

नका ठेवू. मला ठेवलं होतं, म्हणून सांगतोय.

बाबा सूतगिरणीत होते. मी चौथीत असताना काकांनी बैठक घेतली आणि मला तालुक्याच्या वसतिगृहात नेऊन सोडलं. तिथं जेवण वेळेवर, मारही नाही, तरी झोप म्हणून लागायची नाही. घरी रात्री भांडी आदळली की कळायचं, बाबा आले, आई जागी आहे. इथं सगळं चिडीचूप. मग आज आईचं काय झालं असेल, हेच पहाटेपर्यंत डोक्यात.

धाकटी घरीच राहिली. तिला शेजारच्या मावशींनी सांभाळलं. बाबांनी एकदा पुस्तकं रद्दीत घातली, तेव्हापासून तिचं दप्तर मावशींच्या फळीवर. आरडाओरडा सुरू झाला की ही उशी घेऊन तिकडं. आज ती नर्स आहे. मी दहावीला दोनदा बसलो. आणि काका अजून लग्नाकार्यात चारचौघांत ऐकवतात, "मी होतो म्हणून शिकलास." अहो, माझ्यावर घातलेत तेच पैसे महिन्याच्या महिन्याला आईच्या हातात दिले असतेत तर?

असो. बालसंगोपन योजनेचा अर्ज करा, पोरं घरातच वाढावीत म्हणून राज्य सरकार त्यात पैसे देतं. २०२३पासून मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. बाल कल्याण समितीपुढं जावं लागतं, हेलपाटे होतील. पोरांना संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं २०१५चा बाल न्याय कायदाही म्हणतो. भावासाठी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६पासून. वहिनीला अल-अनॉनच्या बैठकीला पाठवा, ती पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असते. जेवणातून चोरून दारू सोडवायच्या गोळ्या मात्र देऊ नका, त्यावर दारू प्यायला तर जिवावर बेतेल.

हां, पोरांवर हात उगारत असेल किंवा त्याहून वाईट काही असेल, तर माझं वरचं सगळं विसरा आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि बैठक घ्याल तेव्हा पोरांना बाहेर खेळायला पाठवू नका. मला पाठवलं होतं. परत आलो तर पत्र्याची ट्रंक भरून दारात ठेवलेली.