वादळात तळ्याकाठची झाडं पडली आहेत, जेसीबी लावून सगळं साफ करावं का?

जेसीबी एवढ्यात बोलावू नका. तुम्ही लिहिलंय की घराची कौलं उडाली, तळ्याकाठचे दोन आंबे आणि काही माड आडवे झाले, आणि पावसाचा जोर वाढण्याआधी सगळं उपटून काठ मोकळा करायचा आहे. पण तो काठ त्या मुळांनीच धरून ठेवलाय.

आमची वाडी, म्हणजे माड-पोफळीची बाग, श्रीवर्धन तालुक्यात, तळ्याला लागून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथेच किनाऱ्यावर चढलं. पोफळी (सुपारीची झाडं) काडीसारख्या मोडल्या. आम्ही घाईघाईने काठावरचा पडलेला करंज मुळासकट ओढून काढला. जुलैच्या पावसात तिथलीच माती तळ्यात गेली आणि चिऱ्याच्या दोन पायऱ्या खचल्या. शेजारच्या जांभळाचं खोड मात्र हातभर ठेवून कापलं होतं. त्याला दिवाळीपर्यंत धुमारे फुटले, काठही जागेवर राहिला.

आधी फोटो काढा, झाडं एकेक मोजून पंचनाम्यात लिहून घ्या. तोवर घरावर ताडपत्री पुरते. तुटलेली वीजतार पाण्यात पडली असेल तर लाइन बंद केल्याची खात्री होईपर्यंत कुणालाही तळ्यात उतरू देऊ नका.

कापताना एक जपा. आडव्या आंब्याचा फांद्यांकडचा भार कापला की मुळांचा गड्डा एकदम धप्पकन उभा होऊन खड्ड्यात बसतो. आमच्याकडे असं झालं तेव्हा खड्ड्यातून एक गडी नुकताच बाहेर आला होता. आठवलं की अजून पोटात गोळा येतो. खड्ड्यात कुणी उभं राहायचं नाही, पोरं तर वाडीतही नकोत.

आंब्याची निम्मी मुळं मातीत असतील तर झाड जगू शकतं. फांद्या छाटून भार हलका करा. तरणं झाड चेनब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) हळूहळू उभं करून टेकू द्या. जुनं मोठं झाड असेल तर ते कललेलंच राहू द्या, फक्त मुळांवर माती चढवा. कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. पुढे वर्षभर बुंध्याशी भुसा पडतोय का बघत राहा. भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, अशाच दुखावलेल्या झाडात शिरतो.

माडाचं, पोफळीचं तसं नाही. शेंडा मोडला की झाड संपलं, कितीही जीव अडकला तरी. ती खोडं वाडीत कुजत ठेवू नका. त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि उरलेल्या माडांवर चढतो.

तळ्यातला पाला, झावळ्या मात्र लगेच ओढा. पाला कुजला की पाण्यातला प्राणवायू संपतो, पाणी काळं पडतं, मासे तोंड वर काढून तडफडतात.

नवी पोफळ लावायची तर आधी केळी लावा. सावली गेलेल्या वाडीत कोवळं रोप उन्हाने करपतं. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे केळी वाढून सावली होईपर्यंत थांबणं परवडतं.

आंब्याची मुळं उघडी असतील तर आजच संध्याकाळी त्यांवर ओली गोणपाटं टाका. छाटणी चार दिवसांनी केलीत तरी चालेल.