जुनी गाडी उभ्या उभ्या थरथरते, चेक इंजिन आणि बॅटरीचा दिवा लागतो. ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) बदलू की इंजिन खोलू?

दादा, सध्या दोन्हीही करू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: गाडी 2011 ची, चार सिलिंडरची, पेट्रोल. अंबाजोगाईच्या चौकात थांबली की स्टिअरिंगसकट हलते, रेस दिली की शहाण्यासारखी चालते. चेक इंजिनचा पिवळा दिवा येतो-जातो आणि एसी लावून उभं राहिलं की बॅटरीचा लाल दिवाही मिणमिणतो. एक मिस्त्री म्हणतो ईसीएम गेला, दुसरा म्हणतो इंजिन खोलावं लागेल. दोघांपैकी कुणीही स्कॅनर (ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण खरी गोम तिथंच आहे.

मी लातूरला गॅरेज चालवतो. अशा गाड्या माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यातल्या फारच थोड्यांचं इंजिन खोलावं लागतं. दमलेलं इंजिन चढावर बोलतं. तुमची गाडी मांजरसुंब्याचा घाट विनातक्रार चढत असेल आणि फक्त उभी राहिल्यावर कुरकुरत असेल, तर संशय आधी हवा, ठिणगी आणि करंट यांच्यावर घ्यायचा.

आधी एक फुकटची तपासणी. चावी ऑन करा, पण स्टार्टर मारू नका. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी हे सगळे दिवे एकदम लागले पाहिजेत आणि गाडी चालू झाली की विझले पाहिजेत. सेकंडहँड गाड्यांत चेक इंजिनचा दिवा चावी ऑन केल्यावरही लागत नाही असं बऱ्याचदा दिसतं, कारण विकणाऱ्याने बल्बच काढलेला असतो नाहीतर मागून काळी टेप चिकटवलेली असते. तुमचा लागतोय, म्हणजे निदान मीटर तरी खरं बोलतोय.

आता दोन दिव्यांचं नातं. बॅटरीचा दिवा दिसला की लोक लगेच अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) उतरवतात. पण मिसिंगमुळे (एखादं सिलिंडर नीट पेटत नसल्यामुळे) आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) 500 च्या आसपास घसरले, वरून एसीचा लोड आला, तर चांगला अल्टरनेटरही पुरेसा करंट देऊ शकत नाही आणि दिवा मिणमिणतो. अशा वेळी दिवा हा परिणाम असतो, कारण नव्हे. मल्टिमीटर घ्या, बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत. चालू करून रेस 1500 वर धरा. आकडा 13.8 ते 14.4 च्या घरात गेला आणि दिवा विझला, तर अल्टरनेटरला हात लावू नका, दोष आयडलिंगमध्ये (रेस न देता उभ्या गाडीतल्या इंजिनच्या चालीत) आहे. रेस देऊनही आकडा बंद गाडीच्या आकड्याच्या वर सरकत नसेल, तर बेल्ट ढिला आहे किंवा अल्टरनेटरचे कार्बन ब्रश संपलेत. मग उलटं होतं. करंट कमी पडल्याने कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) नीट काम करत नाहीत आणि गाडी मिसिंग मारते. हे बघतानाच बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने साफ करा आणि इंजिनकडून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी हलवून बघा. पंधरा वर्षांत ती पट्टी कुणी उघडून बघितलेली नसते.

आता स्कॅनर. सॉकेट स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ असतं. आपल्याकडे बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांना ओबीडी-2 (स्कॅनरशी बोलायची ठरावीक पद्धत) एप्रिल 2013 पासून सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या गाडीशी मोबाइलवरचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलेलच असं नाही. नाही बोलला तर ज्याच्याकडे त्या कंपनीचा स्कॅनर आहे त्याच्याकडे जा. एक मात्र बजावून सांगा: कोड आधी लिहून द्या, मग उडवा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारे खूप आहेत. त्याने कोडही जातो आणि ईसीएमने शिकलेलं आयडलिंगही जातं, मग दोन-चार दिवस गाडी आणखीच हलते आणि तुम्हाला वाटतं रोग वाढला.

कोड पार्टचं नाव सांगत नाही, तक्रार सांगतो. पी0171 आला म्हणजे मिश्रणात हवा जास्त आहे, एवढंच. ऑक्सिजन सेन्सर गेला असा त्याचा अर्थ नाही, तरी लोक सेन्सर बदलून मोकळे होतात. पी0300 म्हणजे मिसिंग आहे पण एका सिलिंडरला धरून नाही. पी0301 ते पी0304 म्हणजे त्या त्या नंबरचं सिलिंडर. समजा पी0302 आला. तुमच्या गाडीत प्लगवर स्वतंत्र कॉइल असतील तर गाडी बंद करून दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड उडवा, फेरी मारून या. कोड पी0303 झाला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर प्लग अदलाबदल करून बघा. मग इंजेक्टर आणि त्याची वायर.

वायरीवरून आठवलं. मार्केट यार्डातल्या एका अडत्याची गाडी आली होती. "सायेब, लई हालायली, इंजिनच गेलंय म्हणायलेत." त्यालाही कुणीतरी ईसीएम सांगितला होता. गाडी रात्री सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी असायची. बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्याच्या) मागे उंदराच्या लेंड्या, आणि तीन नंबरच्या इंजेक्टरच्या वायरीचं प्लास्टिक बोटभर कुरतडलेलं, आत तांबं चकाकतंय. वायर जोडली, स्लीव्ह घातली, काम झालं. तुमची गाडी गोठ्याजवळ किंवा गोदामाजवळ लागत असेल तर आधी टॉर्च घेऊन तिथंच बघा.

पी0171 आला किंवा कोडच नाही, तर हवेकडे वळा. उभ्या गाडीत थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, इंजिन अगदी थोडी हवा घेतं. अशात एखाद्या फुटक्या नळीतून आलेली जास्तीची हवा फार मोठी ठरते. रेस दिली की एकूण हवा वाढते आणि ती गळती त्यात झाकली जाते. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली रबर भाजून कडक होतं आणि वळणावर चिरतं. ब्रेक बूस्टरची नळी आणि पीसीव्हीची (इंजिनमधली वाफ परत ओढणारी) नळी मॅनिफोल्डला मिळते तिथं वाकवून बघा, फुस्स आवाज ऐका. संशयित नळी गाडी चालू असताना क्षणभर पक्कडीत दाबा. आयडलिंग सुधारलं की चोर सापडला. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारून गळती शोधायची पद्धत घरी करू नका, पेट घेतं. थ्रॉटल बॉडीवरचं काळं किटण मात्र साफ करून घ्याच, आणि एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल तर झटकत बसू नका, नवा टाका.

हे सगळं करूनही फरक पडला नाही आणि आरपीएमचा काटा स्थिर असूनही गाडी हलत असेल, तर ते मिसिंग नाही, इंजिनचं फाउंडेशन (ज्या रबरांवर इंजिन टेकतं ते) बसलंय.

इंजिन खोला म्हणणाऱ्याला एकच विचारा: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं का? चारही सिलिंडरचे आकडे कागदावर हवेत. एखादं बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर त्याचं म्हणणं खरं. तिथं प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ईसीएमचं नाव सगळ्यात शेवटी.

तोपर्यंत गाडी चालवावी का, असंही तुम्ही विचारलंय. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश चालवा. तो लपलपायला लागला तर रेस सोडा आणि बाजूला घ्या, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो जाळून टाकतं. अशी गाडी पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका, कन्व्हर्टरच्या धगीने खालचं पेटू शकतं. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर आयडलिंग कमी आहे म्हणून लागला असेल, असा हिशोब करत बसायचं नाही. जागेवर बंद करा, डिपस्टिक बघा.

कोड मिळाले की इथेच खाली लिहा, सोबत एसी बंद आणि एसी चालू असतानाचे व्होल्टचे आकडे द्या. पुढचं त्यावरून सांगतो.