हरू लागताच नवा डाव

"मुलगा रात्र रात्र गेम खेळतो, त्याला व्यसन लागले आहे का?" हा प्रश्न दहावी-बारावीच्या वयातल्या मुलांचे पालक माझ्याकडे सतत घेऊन येतात. केवळ तास मोजून त्याचे उत्तर देता येत नाही. मूल कोणता गेम खेळते आणि कसा खेळते, हे पाहिल्याशिवाय मी निष्कर्ष काढत नाही. एका कुटुंबाच्या अनुभवावरून हे अधिक स्पष्ट होईल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडिलांचे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप आहे आणि मुलगा अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. "मॅडम, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसतंय हे. हाक मारली तरी 'पप्पा, एवढा एकच टर्न' म्हणतंय," असे वडील काकुळतीने सांगत होते. टर्न म्हणजे गेममधली खेळाडूची एक पाळी. मुलगा 'सिव्हिलायझेशन' या संगणकावरच्या गेमच्या मालिकेतला सहावा गेम शिकत होता. सिड मायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेतला पहिला गेम १९९१ साली आला आणि सहावा २०१६ साली. इसवी सन पूर्व ४००० मध्ये एक सेटलर (म्हणजे नवे शहर वसवणारा) आणि एक योद्धा एवढ्याच भांडवलावर सुरुवात करून संस्कृती उभी करायची, असा हा खेळ आहे. नेहमीच्या वेगाने एक डाव ५०० टर्नपर्यंत चालू शकतो. यात घाई करायला लावणारे घड्याळ नसते, कारण खेळाडूने टर्न संपवल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही. तरीही उठवत नाही, कारण कुठे धान्यकोठार, कुठे एखादा शोध, असे काही ना काही पुढच्या एक-दोन टर्नमध्ये पूर्ण होणारच असते.

मी त्याला लॅपटॉप घेऊन यायला सांगितले आणि शेजारी बसून पाहिले. पहिले शहर नदीपासून दूर वसवावे लागणार, असे दिसताच त्याने तो डाव मोडून नवा नकाशा घेतला. दुसऱ्या डावात रानटी टोळीच्या टेहळ्याने त्याचे शहर पाहिले आणि तो तळाकडे परत फिरला. आता हल्ला येणार, हे मुलाला नेमके ठाऊक होते, पण बचावाची तयारी करण्याऐवजी त्याने आधीचा सेव्ह, म्हणजे डाव मागच्या टप्प्यावर साठवून ठेवलेली फाइल, उघडला. आजवर किती डाव पूर्ण केलेस, असे विचारल्यावर तो हळूच म्हणाला, "एकपण नाही." आईने त्यावर सांगितले, की भौतिकशास्त्राच्या त्याच्या तीन वह्या आहेत आणि तिन्हींमध्ये फक्त पहिलेच प्रकरण आहे, गणित चुकले, खाडाखोड झाली, की नवी वही. माझ्या दृष्टीने खरी अडचण इथे होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला प्राधान्य मिळत जाणे आणि नुकसान होऊनही तो सुरूच राहणे ही त्याची लक्षणे असून ती साधारणपणे वर्षभर दिसावी लागतात. हा मुलगा क्लासला नियमित जात होता, मित्रांबरोबर शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघांचे फुटबॉल सामने पाहायला जात होता. झोप मोडत होती, आणि तिची काळजी घ्यायलाच हवी होती. पण त्याला व्यसनी ठरवणे अन्यायाचे झाले असते.

यूट्यूबवरचे खेळाडू खेळतात म्हणून तो थेट 'डीटी' या सर्वांत अवघड पातळीवर शिकायला बसला होता. त्या पातळीवर संगणक अधिक हुशार होत नाही, तर त्याला सुरुवातीलाच जादा सेटलर आणि इतर सवलती मिळतात. हे माहीत असूनही तो प्रत्येक पीछेहाट स्वतःच्या अकलेच्या खात्यावर मांडत होता. आम्ही ठरवले, की दोन्ही बाजू समान असलेल्या 'प्रिन्स' पातळीवर, लहान नकाशावर एकच डाव खेळायचा, जुना सेव्ह उघडायचा नाही आणि हरला तरी डाव शेवटपर्यंत न्यायचा. रात्री दहा वाजता, चालू टर्नमध्येच, पुढच्या तीन चाली वहीत लिहून थांबायचे; लिहून ठेवले, की विसरण्याची धास्ती उरत नाही आणि उठणे सोपे जाते. वडिलांनी रोज थोडा वेळ शेजारी बसायचे, पण टोमणा मारायचा नाही, हेही ठरले.

वडिलांनीच एकदा विचारले, "गाव नदीकाठीच कशाला?" गोड्या पाण्यामुळे शहरात जास्त लोकवस्ती मावते, हे मुलाने त्यांना समजावून सांगितले. पुढे शेजारचे राष्ट्र विज्ञानात फार पुढे गेले तेव्हा तो खचला. त्या वेळी वडील म्हणाले, "आमच्यातबी नव्या कामाचे पहिले पीस रिजेक्टच जातात की. त्याशिवाय सेटिंग कळत नाही."

तो डाव मुलगा हरला. मात्र पुढच्या भेटीला येताना त्याने एक कागद आणला होता: विज्ञानाचे 'कॅम्पस' उशिरा बांधले, सैन्य गरजेपेक्षा जास्त ठेवले, दुसरे शहर वसवायला विलंब केला. भौतिकशास्त्राच्या वहीत आता खोडलेली गणिते तशीच राहतात आणि तिसरे प्रकरण सुरू आहे. शनिवारी रात्री दहाची वेळ अजूनही पाळली जात नाही, त्यावरून घरात कुरबुर होते. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात गेमचे काय करायचे, याचा प्रस्ताव या वेळी मुलाने स्वतः लिहून आणायचा आहे.